आज ड्युटी कुणाची? बेळगावकडच्या एका कॅन्सर ग्रुपची हकीकत

आमच्या ग्रुपचं नाव इथं लिहीत नाही, आणि लिहिलं तरी कुणाला काही कळणार नाही कारण त्यात कॅन्सर हा शब्दच नाही. मुद्दाम ठेवला नाही. फोन घरात कुठंही पडलेला असतो, पोरं गेम खेळायला घेतात, सासूबाई कीर्तन लावून दे म्हणतात, आणि तेवढ्यात वर नोटिफिकेशन येतं ते अख्ख्या घराला दिसतं. म्हणून नाव साधंच, भिशीच्या ग्रुपला असतं तसलं. एकीच्या नवऱ्याला तर वर्षभर ती भिशीच वाटत होती, नंबर कधी लागणार म्हणून विचारायचे.

मी बेळगावातल्या शहापूरची, पतसंस्थेत कामाला. ब्रेस्टचं ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक असं सगळं होऊन गेलंय, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी आणि पंख्याखाली बसून पण येणारा घाम एवढंच उरलंय. हे लिहायचं कारण म्हणजे चंदगडच्या एकांनी आणि गोकाककडच्या एकीनं विचारलं की आम्हाला पण असला ग्रुप काढायचाय, तुम्ही कसा काढला सांगा. काढायला काय, दोन मिनिटं लागतात. चालवताना आम्ही काय काय घोळ घातले ते सांगते.

सुरुवात केमोच्या खुर्चीवर झाली. सलाईन लावलं की चार पाच तास जागचं हलता येत नाही, शेजारच्या खुर्चीत जो असेल त्याच्याशी बोलणं होतंच. आम्ही सातजण एकाच वाराला यायचो. कुणाचं तोंड आलंय, कुणाला भाताचा वास सोसत नाही, कुणाची नखं काळी पडलीत, सगळं तिथं बोललं जायचं, घरी नाही. घरी विचारलं की 'बरी आहे'. मग एकेकाची केमो संपत गेली, आणि खरा वाईट काळ तिथनं पुढं असतो, हे आधी कुणी सांगत नाही. उपचार चालू असताना डॉक्टर असतात, सिस्टर असतात, भेटायला येणारे शहाळी आणि सफरचंदं घेऊन येतात, आणि सगळं संपलं की घरचे म्हणतात झालं बघ, सुटलीस. आणि तुम्ही दुपारी दोन वाजता एकट्या घरात बसून काखेत, मानेला हात फिरवत बसता, काही लागतंय का बघत. तेवढ्यासाठी नंबर घेतले आणि ग्रुप काढला.

पहिले काही महिने म्हणजे नुसते गुड मॉर्निंगचे गुलाब. आणि ज्याचा नंबर मिळेल त्याला ॲड करायचं. मीच करायचे, फार पुण्याचं काम करतेय असं वाटायचं. खानापूर भागातल्या एक वहिनी होत्या, त्यांना पण असंच न विचारता घातलं. त्यांच्या मुलीला तेव्हा स्थळं बघायलेले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि मुलाकडच्यांच्या नात्यातली एक बाई आमच्यातच होती, तिनं डीपी ओळखला. पुढं नेमकं काय झालं ते मला कळलं नाही. वहिनींचा एक फोन आला, 'मी तुम्हाला सांगितलेलं का वो, मला घाला म्हणून?' आणि त्या ग्रुपातनं गेल्या. नंतर मी दोनदा फोन केला, उचलला नाही. त्यांचं काही चुकलं नाही.

तेव्हापासनं लिंक कुठं टाकत नाही. आधी फोन, फोनवर स्पष्ट सांगायचं की तुमचा नंबर बाकीच्यांना दिसणार, डीपीवर देवाचा नाहीतर फुलाचा फोटो लावा, नाव नुसतं टोपणनाव ठेवलं तरी चालतंय, आणि दोन दिवस विचार करून मग हो म्हणा. रिपोर्टचा फोटो टाकायचा तर वरच्या नावावर अंगठा ठेवून काढायचा. आमच्या ग्रुपवर अंगठ्यांचे फोटो भरपूर आहेत.

आता आमच्या भागाचं. पुण्यामुंबईच्या ग्रुपात डाएट आणि विगवर चर्चा होत असेल, आमच्याकडं पहिला प्रश्न कायम एकच, जायचं कुठं? कोल्हापूर, मिरज, हुबळी, मुंबई, बेंगळूर का इथंच? प्रत्येक गावाला कागद वेगळा, भाषा वेगळी, तिकीट वेगळं. रेशनकार्ड कर्नाटकाचं, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना, बीपीएल असेल तर घराला वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार, खरं त्याला आधी सरकारी दवाखान्यातनं रेफरल लेटर लागतंय. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', बाहेरच्यांनी गोंधळू नये.) २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडच्या पेपरात गरम बातम्या, आणि आमच्या ग्रुपवर एकच सवाल, 'मला यातलं कुठलं कार्ड चालतंय ते सांगा की वो.' त्यावरनं आठवडाभर अशी भांडणं पेटली की सीमाभागात १ नोव्हेंबरला पाळतात त्या काळ्या दिनापासनं सगळं उकरून झालं. मग सरांनी लिहिलं, सीमाप्रश्नावर बोलायला दुसरे पन्नास ग्रुप आहेत, इथं फक्त कुठल्या काउंटरवर कुठला कागद चालला तेवढं सांगायचं.

सर म्हणजे मराठी शाळेतनं रिटायर झालेले, त्यांची मिसेस याच आजारात गेली. त्यांच्याकडं एक दोनशे पानी वही आहे. कुणी काही कामाचं सांगितलं की सर ते वहीत उतरवतात, पानाचा फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात. टाईप करत नाहीत, अक्षर सुंदर आहे, तो अभिमान आहेच.

वहीत बसचं पान सगळ्यात मळलेलं आहे. जून २०२३ पासनं शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या आत साधी बस फुकट, म्हणजे हुबळीला शेकाला जायला पैसे नाहीत. कोल्हापूरला जायचं म्हटलं की कोगनोळीच्या, म्हणजे राज्याच्या हद्दीच्या पुढं तिकीट, आणि एसटीनं गेलं तर महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं बायकांना अर्धं. संकेश्वरकडच्या एक मावशी निपाणीपर्यंत आमच्या बसनं फुकट जायच्या, तिथं उतरून एसटी पकडायच्या, आठवड्याचे पाच दिवस, असं सहा आठवडे. मधल्या स्टँडवर उन्हात थांबायच्या, ते पण शेकानं गळ्याची कातडी भाजलेली असताना. पैसे किती वाचले असतील? त्यांनी हिशोब सांगितला नाही, वहीत फक्त बसच्या वेळा आहेत.

आणि रेल्वेचं पान. एक काका मुंबईला तीनदा फॉलोअपला पूर्ण तिकीट काढून गेलेले. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, दवाखान्याच्या सहीशिक्क्याचा ठरलेला फॉर्म लागतो, बास. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत पेशंटची राहायची सोय होते हे पण त्याच दिवशी निघालं. काकांनी खाली एवढंच लिहिलं, 'आधी का नाही कळलं.' माझ्या मते ग्रुपला ग्रुपपण आलं ते त्या दिवशी.

मग लक्ष्मणफळ. हा फॉरवर्ड तुमच्याकडं पण आलेला असणार, केमोपेक्षा दहा हजार पट ताकद वगैरे. आमच्यातल्या एकीनं रसासाठी केमोची एक सायकल चुकवली, आणि ग्रुपवर चारजणींनी तिला झाडाचा पत्ता विचारला! मी तो मेसेज उडवला, तर तिला वाटलं मी डॉक्टरांची माणूस. तेव्हा आमच्या सिस्टर मध्ये पडल्या. त्या खानापूर तालुक्यात नर्स आहेत, स्वतः थायरॉइडच्या पेशंट. त्यांनी भाषण दिलं नाही, फोन करून म्हणाल्या, रस पिऊ नका म्हणत नाही, खरं बाटली पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि यानं केमो बंद करू का एवढं विचारा. ती गेली, विचारलं, आणि पुढच्या सोमवारी खुर्चीत बसली. ताईगिरी करून मेसेज उडवण्यापेक्षा हे बरं. आता रस, काढा, पावडर काही असलं तर आधी सिस्टरांना वेगळं पाठवायचं, थेट ग्रुपवर नाही.

खरा धक्का नंतर बसला. यळ्ळूरकडच्या एक काकू, तिसरी केमो होऊन नववा दिवस. रात्री १.४० ला त्यांचा व्हॉइस मेसेज, 'ताप १०१ आलाय, थंडी वाजायल्या, डोलो घेऊ का?' दात वाजलेले ऐकू येतात त्यात. कुणी बघितला नाही. पहाटे साडेपाचला त्याच्या बरोब्बर खाली एक गुलाब आला, गुड मॉर्निंग, तुमचा दिवस आनंदात जावो. टाकणाऱ्यानं वरचं ऐकलंच नव्हतं, रोजच्यासारखं फॉरवर्ड केलं आणि चहा ठेवायला गेला. सिस्टर सहाला उठल्या, ऐकलं, लगेच फोन लावला. काकूंनी तोवर दोन गोळ्या घेतलेल्या, ताप उतरलेला, म्हणाल्या बरं वाटायलंय, दुपारी बघू. सिस्टरांनी त्यांच्या मुलाला फोनवर घेऊन पहिल्यांदा आवाज चढवला. दवाखान्यात पांढऱ्या पेशी एकदम खाली निघाल्या, ॲडमिट केलं, सलाईनमधनं अँटिबायोटिक, काही दिवसांनी काकू घरी आल्या. बऱ्या आहेत आता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, अंगात लढायला सैन्यच नसतं. त्या दिवसात १००.४ किंवा वर ताप आला तर तो साधा ताप धरायचा नाही, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना. आणि आधीच तापाची गोळी घेतली की ताप झाकला जातो, आत काय चाललंय ते कळत नाही.

मला त्या रात्रीचं जे लागलं ते वेगळंच. ग्रुप नसता तर काकूंनी शेजारच्या खोलीतल्या मुलाला उठवलं असतं. ग्रुप होता म्हणून त्यांनी तिथं टाकलं आणि उत्तराची वाट बघत बसल्या, मुलगा सकाळी कामाला जातो, त्याची झोप मोडू नये म्हणून. म्हणजे आम्ही आधार द्यायला म्हणून जे काढलं त्यानंच त्यांचे चार तासांच्या वर खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी ग्रुप बंद करायचं ठरवलेलं, मेसेज लिहून पण ठेवलेला. सर म्हणाले, बंद कशाला, रात्री कोण जागं आहे ते लिहून ठेवा.

त्यातनं ड्युटी निघाली. आधी आम्ही त्याला पाळी म्हणत होतो. 'आज पाळी कुणाची' असं मी ग्रुपवर टाकलं आणि बायका हसून लोळल्या, एकीनं लिहिलं, 'माझी तर केमोनं कायमची नेली, मला कशाला विचारताय.' पुरुष मंडळी दोन दिवस गप्प. मग ड्युटी नाव पडलं. सात रात्री, सात माणसं, रात्री दहा ते सकाळी सहा फोन सायलेंटवर ठेवायचा नाही, ग्रुपच्या माहितीत त्या रात्रीचं नाव वर लिहायचं. ज्याचे उपचार चालू आहेत त्याला ड्युटी नाही. आणि ड्युटीवाला डॉक्टर नाही, औषध सांगायचं नाही. तीनच प्रश्न, ताप मोजला का, केमो होऊन किती दिवस झाले, दवाखान्याच्या नंबरला फोन लावला का. आणि चौथं म्हणजे घरात कोण झोपलंय त्याला उठवा. काकूंच्या नंतर हे चौथं आम्ही सगळ्यात आधी विचारतो.

रात्रीचे मेसेज बहुतेक तापाचे नसतात म्हणा. झोप येत नाही, उद्या स्कॅन आहे, नवरा बोलत नाही. एकदा एकीनं लिहिलं की आता जगायचंच नको वाटतंय, तेव्हा ड्युटीवर मी होते, तिला बोलत ठेवलं, तिच्या बहिणीला दुसऱ्या फोनवरनं उठवलं आणि टेलीमानसचा १४४१६ नंबर लावून दिला. तो चोवीस तास चालू असतो. माझे हात सकाळपर्यंत थरथरत होते, एकट्यानं असली रात्र काढायची नाही म्हणून आता ड्युटीवाल्याच्या मागं एक जोडीदार पण असतो.

भाषेचा घोळ वेगळाच. आमच्यातले कितीतरी जण घरी मराठी बोलतात पण शिकले कन्नड शाळेत, सरांचं सुंदर अक्षर त्यांना वाचता येत नाही. वयस्कर बायकांना टायपिंग जमत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, सगळं व्हॉइस मेसेजवर चालवायचं, आणि ते मस्त चाललं, सगळे खूश, आणि त्या नादात एक माणूस पूर्ण बाहेर पडला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. निपाणीचे एक अण्णा. आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं, तोंडाचा कॅन्सर, जबडा आणि जिभेचा भाग काढलेला. त्यांचं बोलणं घरच्यांनाच कसंबसं कळायचं. ते आमचे व्हॉइस मेसेज ऐकायचे आणि नुसता अंगठा टाकायचे. आम्हाला वाटलं अबोल आहेत!

एक दिवस त्यांनी फोटो टाकला. तोंड उघडलेलं आणि दातांच्या मधे आइस्क्रीमच्या काड्यांची चळत. खाली लिहिलेलं '९'. तोंडाच्या ऑपरेशन आणि शेकानंतर जबडा आखडतो, तोंड उघडत नाही, त्याला व्यायाम म्हणून काड्या एकावर एक ठेवून दातात धरायच्या, काही दिवसांनी एक काडी वाढवायची. नऊ काड्या म्हणजे जेमतेम बोट जाईल एवढं. मला आधी बघवलं नाही, खरं सांगते. आठवड्यानं '१०'. मग लोक वाट बघायला लागले, रविवार आला की कुणीतरी विचारणार, अण्णा आज किती? बाराव्या काडीला जेव्हा त्यांनी चपातीचा तुकडा आमटीत भिजवून नळीशिवाय खाल्ल्याचं टाकलं तेव्हा ग्रुपवर जो दंगा झाला तो माझ्या पोराच्या दहावीच्या रिझल्टला पण झाला नव्हता. मध्ये एकदा परत दहावर आले, ते पण टाकलं, लपवलं नाही. तेव्हापासनं महत्त्वाचं काही असलं की व्हॉइसमध्ये पण आणि टाईप करून पण. कन्नड अक्षरात टाईप करायचं काम एक पोरगी करते, आई आमच्यात असते म्हणून ती पण आत.

आता मरणाचं. पहिलं माणूस गेलं तेव्हा आम्ही काहीच ठरवलेलं नव्हतं. त्यांच्या भावानं रात्री अकराला बातमी टाकली, आणि सकाळपर्यंत 'भावपूर्ण श्रद्धांजली', दिवे, हात जोडलेले, एकामागं एक. २०२२ पासनं ग्रुप सोडला तर नोटिफिकेशन फक्त ॲडमिनला येतं, बाकीच्यांना नाही. त्या सकाळी मला एकेक ओळ दिसत होती, हे गेले, त्या गेल्या, पाचजण. त्यातल्या एकीला मी फोन केला, ती म्हणाली, 'अक्का, माझं सेम आहे हो, सेम स्टेज. मला तो फोटो सारखा दिसायलाय.' सरांचं म्हणणं, मरण लपवलं की लोक एकेकाला फोन करून विचारत बसतात, ते जास्त वाईट. दोघांचं बरोबर होतं. शेवटी असं जमवलं की बातमी एकच जण देणार, ॲडमिन, सकाळी, दोन ओळीत, फोटो नाही, आणि त्याखाली कुणी काही लिहायचं नाही. ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी वेगळा छोटा ग्रुप. तिथं लोक रडतात, शिव्या देतात, कुणाच्या दहाव्याला किती माणसं आली ते पण सांगतात. सोडून गेलेल्या पाचातले तिघे परत आले.

ज्यांचं परत उलटलं त्यांच्यासाठी पण वेगळी खोली करावी लागली, कारण मोठ्या ग्रुपवर 'पॉझिटिव राहा, तुम्ही फायटर आहात' चा मारा असतो. एकजण वैतागून म्हणाली, मी गोळ्या वेळेवर घेतल्या, तपासण्या चुकवल्या नाहीत, तरी आलं, मग मी काय हरले का वो? कुणाला उत्तर आलं नाही. 'फायटर' हा शब्द आम्ही आता वापरत नाही. सांभाळणाऱ्यांचा पण एक ग्रुप काढला, नवरे, मुलं, सुना. सुना भरभरून बोलतात. नवरे फक्त बिलांचे फोटो टाकतात आणि क्रिकेटचा स्कोअर. चालू आहे तसंच, बोलतील तेव्हा बोलतील.

मागच्या पावसाळ्यात गुरुवारची ड्युटी रिकामी झाली, त्या ताईंचे परत उपचार सुरू झाले. अण्णांनी लिहिलं, मी घेतो. मी म्हटलं फोन कसा करणार? ते म्हणाले टाईप करतो, आणि माणूस हाललं नाही तर जोडीदाराला उठवतो. सुरुवातीला मला धाकधूक होती. सरांच्या वहीत आता ड्युटीची पण पानं आहेत, त्यातलं गुरुवारचं एक जसंच्या तसं:

'रात्री २.१०. नवीन बाई, कागवाडकडच्या. ताप १००.८. केमोचा अकरावा दिवस. अण्णांनी लिहिले: मी आहे, बोलता येत नाही, लिहितो. घरात कोण? दीर. उठवा. ३.०५ गाडी निघाली. ४.३० पोहोचल्या. अण्णा ६ पर्यंत जागे. काड्या १४.'